चौदा वर्षांचे राज्य!
पुण्याहून कमी लोकवस्तीचा एक देश. नुकताच स्वतंत्र झालेला, खिशात दमडी नसलेला. त्या देशात एक फुटबॉल क्लब उभा राहिला आणि लागोपाठ चौदा वर्षे अजिंक्य ठरला. बार्सिलोना, चेल्सी यांच्याशी त्याने दोन हात केले, देशाला युरोपच्या मोठ्या मांडवात नेऊन बसवले... आणि मग एके दिवशी दिवाळे वाजून तो नाहीसा झाला. लात्वियाच्या ‘स्कॉन्तो’ क्लबची ही कहाणी.

इस्तंबूल, १९ नोव्हेंबर २००३. मैदानावर तुर्कस्तानचा संघ, प्रेक्षागृहात कान किटवून टाकणारा गजर. वर्षभरापूर्वीच विश्वचषक स्पर्धेत तिसरा क्रमांक पटकावलेला हा संघ. पोर्तुगालमध्ये होणाऱ्या ‘युरो २००४’ स्पर्धेत जाण्यासाठी त्यांना फक्त एकच अडथळा ओलांडायचा होता. तो अडथळा म्हणजे लात्विया!

चार दिवसांपूर्वी रिगा येथे झालेल्या पहिल्या सामन्यात लात्वियाने तुर्कस्तानला १-० असे हरवले होते. पण तो एक अपघात होता, असेच सगळे धरून चालले होते. घरच्या मैदानावर तुर्कस्तान हिशेब चुकता करणार, यात कुणालाच शंका नव्हती. झालेही तसेच. चौसष्टाव्या मिनिटाला तुर्कस्तानने दुसरा गोल चढवला. २-०! आता उरली होती केवळ औपचारिकता.

पण दोनच मिनिटांत लात्वियाच्या युरिस लाइझान्सने चेंडू जाळ्यात धाडला. दोन्ही सामन्यांची बेरीज २-२ अशी सारखी झाली. अशा वेळी परक्याच्या मैदानावर केलेल्या गोलला जास्त वजन देण्याचा नियम तेव्हा युरोपात होता. म्हणजे तुर्कस्तानला आता पुन्हा गोल करणे भाग होते. ते सारे पुढे धावले आणि मागे मोकळी जागा पडली. सत्त्याहत्तराव्या मिनिटाला चपळ मारिस वेर्पाकोव्स्किसने तिचा फायदा उठवला. २-२! प्रेक्षागृहात चिडीचूप शांतता पसरली.

दुसऱ्या दिवशी युरोपभरच्या क्रीडारसिकांनी एकच प्रश्न विचारला. हे लोक आहेत तरी कोण?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर बारा वर्षे मागे जावे लागते. लाइझान्स काय किंवा वेर्पाकोव्स्किस काय, दोघेही ज्या एका क्लबमधून नावारूपाला आले, त्याचे नाव ‘स्कॉन्तो’.

बर्फातले फुटबॉल

बाल्टिक समुद्राच्या काठावर एस्टोनिया, लात्विया आणि लिथुआनिया हे तीन छोटे देश एकमेकांना खेटून बसले आहेत. मधला तो लात्विया. राजधानी रिगा. १९८९ च्या शिरगणतीत लात्वियाची लोकसंख्या होती सुमारे २७ लाख. पुढे लोक परदेशी जात राहिले, जन्मदर घटला आणि ती १९ लाखांच्या आसपास आली. आपल्याकडे एकट्या पुणे शहरात याहून कितीतरी जास्त माणसे राहतात.

हिवाळ्यात इथे मैदाने बर्फाखाली गाडली जातात. त्यामुळे फुटबॉलचा हंगाम वसंत ऋतूत सुरू होतो आणि शरद ऋतूत संपतो. लोकांचे खरे प्रेम आइस हॉकीवर. बास्केटबॉलमध्येही या देशाची परंपरा जुनी. युरोपच्या पहिल्यावहिल्या अजिंक्यपद स्पर्धेत, १९३५ मध्ये, लात्वियाच विजेता होता. फुटबॉल या घरातले धाकटे, काहीसे दुर्लक्षित भावंड.

१९४० मध्ये सोव्हिएत संघाने लात्विया गिळंकृत केला. त्या काळात रिगाच्या ‘दाउगावा’ या संघावर लात्वियाच्या फुटबॉलची सारी मदार असे. शहरातून वाहणाऱ्या नदीचेच हे नाव. पण मॉस्को, कीव, तिबिलिसी येथील बलाढ्य संघांपुढे दाउगावाचा निभाव लागणे कठीण. बहुतेक वर्षे हा संघ दुसऱ्या श्रेणीतच खेळत राहिला. १९८५ मध्ये पहिल्या श्रेणीचे दार अगदी हाताशी आले आणि हातातोंडाशी आलेला घास निसटला. त्या संघात गोल करण्यात पटाईत असलेला एक खेळाडू होता, अलेक्सांद्रस स्तारकोव्स. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढच्या सगळ्या कथेत ते येणार आहे.

नवा देश, नवा क्लब

४ मे १९९० रोजी लात्वियाच्या कायदेमंडळाने स्वातंत्र्याची घोषणा केली. जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएत फौजा चालून येतील या भीतीने रिगाच्या नागरिकांनी रस्त्यारस्त्यांवर ट्रॅक्टर, मालमोटारी आणि लाकडाचे ओंडके आडवे टाकले, शेकोट्या पेटवल्या आणि कडाक्याच्या थंडीत रात्रंदिवस पहारा दिला. ऑगस्टमध्ये मॉस्कोतला बंडाचा डाव फसला आणि लात्विया खऱ्या अर्थाने स्वतंत्र झाला.

याच १९९१ साली रिगामध्ये एक नवा क्लब जन्माला आला. सुरुवातीचे नाव ‘फोरुम्स-स्कॉन्तो’, पुढे नुसतेच ‘स्कॉन्तो’. त्यामागे उभे होते गुंतिस इंद्रिक्सोन्स हे उद्योजक. ‘स्कॉन्तो’ हा मूळचा व्यापारातला शब्द. बिलाची रक्कम मुदतीआधी, रोखीने चुकती करणाऱ्याला जी सूट मिळते, तिला स्कॉन्तो म्हणतात. फुटबॉल क्लबला असे नाव? ऐकायला गमतीदार वाटते खरे. पण त्या काळाचे सारे वर्म या नावातच आहे.

सोव्हिएत राजवटीत खेळाचा खर्च कारखाने आणि सरकारी खाती उचलत. खेळाडू कागदोपत्री कामगार असे, पगार कारखान्यातून येई. ती व्यवस्था एका रात्रीत कोसळली. कारखान्यांना स्वतःच्याच कामगारांचे पगार देणे जड झाले, तिथे खेळाडूंना कोण पोसणार? रुबल कवडीमोल होत होता. ‘लात्स’ हे स्वतःचे चलन १९९३ मध्ये आले. अशा वेळी ज्याच्या हाती रोकड, तोच राजा. स्कॉन्तोकडे ती होती. वेळेवर पगार, सरावाची सोय, परदेशात खेळण्याची संधी. देशातले उत्तम खेळाडू या क्लबकडे वळले नसते तरच नवल!

पहिल्याच वर्षी स्कॉन्तोने अजिंक्यपद मिळवले. दुसऱ्या वर्षी मात्र येल्गावा शहराच्या ‘राफ’ संघाने त्यांच्या नाकी नऊ आणले. सोव्हिएत काळात घरोघरी ठाऊक असलेल्या राफ मिनीबसच्या कारखान्याचा हा संघ. हंगामाअखेर दोघांचे गुण सारखे झाले, निर्णयासाठी जादा सामना खेळवावा लागला आणि तो स्कॉन्तोने जिंकला. त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मिनीबसच्या कारखान्याला उतरती कळा लागली, १९९८ मध्ये तो दिवाळखोरीत निघाला. स्कॉन्तोचा रथ मात्र दौडतच राहिला.

१९९३ मध्ये प्रशिक्षकपदी आले स्तारकोव्स. वृत्तीने शांत, शिस्तीला कडक. आपला संघ ताकदीने कमी आहे, हे मान्य करूनच ते डावपेच आखत. बचावाची भिंत पक्की ठेवायची, एकमेकांमधले अंतर वाढू द्यायचे नाही आणि चेंडू मिळताच वेगवान आघाडीवीराकडे पोहोचवायचा. ऐकायला सोपे, पण नव्वद मिनिटे न चुकता करायचे म्हणजे महाकठीण.

एक, दोन, तीन... चौदा!

१९९१ ते २००४. दरवर्षी विजेता एकच. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक दुसऱ्या कुणाकडे जाऊ दिला नव्हता, हे आपल्याकडचे जुने क्रिकेटरसिक अजून अभिमानाने सांगतात. स्कॉन्तोचा पराक्रम त्याच जातीचा. नॉर्वेचा रोझेनबोर्ग हा क्लब १९९२ पासून त्यांच्या मागोमाग होता. तो तेरा विजेतेपदांवर थांबला. स्कॉन्तोच्या चौदा विजेतेपदांशी पुढे युरोपात बरोबरी केली ती जिब्राल्टरच्या लिंकन रेड इम्प्सने २०१६ मध्ये आणि बल्गेरियाच्या लुदोगोरेत्सने २०२५ मध्ये.

या यशाचे एक चक्र होते. विजेत्या संघाला युरोपच्या स्पर्धांत प्रवेश मिळे. तिथे परदेशी क्लबांच्या पारखी नजरा खेळाडूंवर पडत. खेळाडू विकला गेला की क्लबच्या तिजोरीत पैसा येई. त्या पैशांतून नवे खेळाडू तयार होत आणि पुन्हा अजिंक्यपद! चक्र फिरत राहिले.

पण या नाण्याला दुसरी बाजूही होती. निकाल आधीच ठाऊक असेल तर सामना बघायला कोण जाणार? देशांतर्गत सामन्यांना गर्दी तुरळकच असे. १९९६ मध्ये इंद्रिक्सोन्स लात्वियाच्या फुटबॉल महासंघाचेही अध्यक्ष झाले आणि २०१८ पर्यंत त्या पदावर राहिले. देशाच्या फुटबॉलचा कारभार आणि देशातला सर्वांत बलाढ्य क्लब यांची सूत्रे एकाच घरात असावीत का, हा प्रश्न उपस्थित होणे साहजिक होते. एका झाडाची सावली इतकी दाट पडली की तिच्याखाली दुसरी रोपे वाढेनात, असे म्हणायला जागा होती. दुसरीकडे, ते झाड नसते तर त्या उन्हात काहीच तगले नसते, हेही तितकेच खरे होते.

बड्यांना घाम फोडला

स्कॉन्तोची खरी परीक्षा व्हायची ती परदेशात. १९९४ च्या यूएफा चषकात त्यांची गाठ स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनशी पडली. १९८३ मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्या मार्गदर्शनाखाली रेआल माद्रिदला अंतिम सामन्यात धूळ चारणारा हा क्लब. रिगामध्ये गोलशून्य बरोबरी झाली. अ‍ॅबरडीनमध्ये १-१. परक्या मैदानावरचा तो एक गोल मोलाचा ठरला आणि तीन वर्षांचे पोर असलेल्या स्कॉन्तोने अ‍ॅबरडीनला घरी बसवले! पुढच्या फेरीत इटलीच्या नापोलीने त्यांचा मार्ग रोखला, पण युरोपच्या नकाशावर नाव तर उमटले.

१९९७ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत साक्षात बार्सिलोना! काम्प नोऊच्या अवाढव्य स्टेडियमवर या चिमुकल्या देशाच्या पोरांनी दोन गोल केले. बार्सिलोनाला जेमतेम ३-२ असा विजय मिळाला. रिगातही त्यांना एकाच गोलवर समाधान मानावे लागले. १९९८ मध्ये इटलीच्या इंटर मिलानने मात्र चांगलाच धडा शिकवला. पण १९९९ मध्ये पुन्हा तीच जिद्द दिसली. लंडनमध्ये चेल्सीला त्यांनी तासाभराहून अधिक वेळ झुंजवले. अखेरच्या टप्प्यात तीन गोल झाले आणि सामना हातचा गेला, तरी रिगामध्ये याच चेल्सीला गोलशून्य बरोबरीत रोखून त्यांनी मान राखला.

चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत स्कॉन्तो कधीच पोहोचू शकला नाही. उंबरठ्यापर्यंत जाऊन परत फिरणे त्याच्या नशिबी होते. पण उंबरठ्यापर्यंत जाण्याने काय साधते, याचे उत्तर एका सडपातळ तरुणाने दिले.

‘लात्वियाचा मायकेल ओवेन’

मारियान्स पाहार्सचा जन्म १९७६ चा, युक्रेनमधला. रिगामध्ये तो स्कॉन्तोकडून खेळू लागला. उंची बेताची, पण पायांत वीज. मार्च १९९९ मध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टन क्लबने त्याला आठ लाख पौंडांना विकत घेतले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळणारा तो पहिला लात्वियन. तिथल्या वृत्तपत्रांनी लगेच त्याचे बारसे केले, ‘लात्वियाचा मायकेल ओवेन’.

साउदम्प्टनची अवस्था तेव्हा बिकट होती. तळाच्या तीन संघांची खालच्या श्रेणीत पदावनती होते, आणि ती टाळण्यासाठी हंगामाच्या अखेरच्या दिवशी, १६ मे १९९९ रोजी, एव्हर्टनला हरवणे आवश्यक होते. साउदम्प्टनने तो सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल पाहार्सचे! परक्या देशात, परक्या भाषेत, येऊन जेमतेम दोन महिने झालेल्या या पोराने एका शंभरी गाठलेल्या क्लबची अब्रू वाचवली.

मग वाट रुळली. मधल्या फळीतला इमान्त्स ब्लेइदेलिस साउदम्प्टनलाच गेला. वितालीस अस्ताफेव्स ब्रिस्टल रोव्हर्सकडे, गोलरक्षक अलेक्सांद्रस कोलिन्को क्रिस्टल पॅलेसकडे, लाइझान्स मॉस्कोच्या सीएसकेएकडे. यातल्या अस्ताफेव्सने पुढे राष्ट्रीय संघाकडून तब्बल १६७ सामने खेळून युरोपात विक्रम केला. रिगातल्या एखाद्या गल्लीत बर्फ वितळायची वाट पाहत चेंडू खेळणाऱ्या मुलाला आता ठाऊक झाले, की या गल्लीतून एक रस्ता थेट लंडनपर्यंत जातो.

क्लबचा संघ, देशाचा संघ

स्वतंत्र लात्वियाच्या राष्ट्रीय संघाने १९९२ मध्येच चुणूक दाखवली होती. त्या वर्षी जूनमध्ये डेन्मार्क युरोपचा विजेता ठरला. दोनच महिन्यांनी रिगामध्ये लात्वियाने या विजेत्यांना गोल करू दिला नाही, सामना ०-०. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये स्पेनशीही ०-०.

२००१ मध्ये स्तारकोव्स यांच्याकडे राष्ट्रीय संघाची धुराही आली. क्लब आणि देश या दोन्ही गाड्या एकच माणूस हाकू लागला. टीका होण्यासारखी ही गोष्ट. पण फायदा असा झाला की राष्ट्रीय संघातल्या बहुतेक खेळाडूंना एकमेकांच्या सवयी पाठ होत्या. वर्षातून मोजके दिवस एकत्र येणाऱ्या इतर देशांच्या संघांना हे भाग्य कुठून मिळणार?

आणखी एक गोष्ट घडली. लात्वियात लात्वियन भाषक आणि रशियन भाषक यांच्यात स्वातंत्र्यानंतर बराच तणाव होता. नागरिकत्वापासून शाळेतल्या भाषेपर्यंत वादाचे विषय अनेक. पण मैदानावर दोन्ही भाषांची पोरे एकाच तांबड्या-पांढऱ्या रंगात उतरत होती. घरात कोणतीही भाषा बोलत असोत, गोल झाला की आरोळी एकच!

‘युरो २००४’ च्या पात्रता फेरीत या संघाने पोलंडमध्ये जाऊन पोलंडला १-० असे नमवले. चिमुकल्या सान मारिनोविरुद्ध अगदी शेवटी प्रतिपक्षाच्याच खेळाडूकडून झालेल्या स्वयंगोलवर कसाबसा विजय मिळाला. नशीबही लागतेच! अखेरच्या सामन्यात, ११ ऑक्टोबर २००३ रोजी, स्वीडनमध्ये वेर्पाकोव्स्किसच्या गोलने बाजी मारली. आणि मग तुर्कस्तानविरुद्धचे ते दोन सामने. त्यातला पहिला रंगला तो रिगातल्या स्कॉन्तो स्टेडियमवरच. २००० मध्ये बांधलेल्या या स्टेडियमशेजारचे ‘स्कॉन्तो हॉल’ हे क्रीडागृह मे २००३ मध्ये युरोव्हिजन गीतस्पर्धेमुळे युरोपभर घरोघरी पोहोचले होते. सहा महिन्यांनी स्टेडियमची पाळी आली.

पोर्तुगालमध्ये पहिल्याच सामन्यात वेर्पाकोव्स्किसने चेक प्रजासत्ताकावर गोल करून मध्यंतराला आघाडी मिळवून दिली. चेक संघाने नंतर सामना २-१ असा फिरवला. दुसऱ्या सामन्यात जर्मनी! तीन वेळा युरोप जिंकणारा, दोन वर्षांपूर्वी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळणारा. निकाल ०-०. तिसऱ्या सामन्यात हॉलंडकडून ०-३ असा पराभव झाला आणि लात्वियाचा प्रवास संपला. पण बाल्टिक किनाऱ्यावरच्या तिन्ही देशांपैकी युरोच्या किंवा विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेपर्यंत पोहोचलेला हा एकच देश. आजवर एकच.

उतरणीची वाट

त्याच २००४ मध्ये स्तारकोव्स मॉस्कोच्या स्पार्ताक क्लबकडे गेले. वेर्पाकोव्स्किस आधीच कीवच्या दिनामोत दाखल झाला होता. २००५ मध्ये लिएपाया शहराच्या मेटालुर्ग्स संघाने अजिंक्यपद जिंकले आणि चौदा वर्षांचे राज्य संपले. त्यानंतर वेंत्स्पिल्स या बंदराच्या शहराने सलग तीन वर्षे मान मिळवला. २००९ मध्ये युरोपा लीगच्या गटसाखळीत पोहोचून त्यांनी स्कॉन्तोला कधीच न जमलेली गोष्ट करून दाखवली.

२००८ नंतरच्या जागतिक मंदीत लात्वियाची अर्थव्यवस्था युरोपात सर्वांत जास्त घसरलेल्यांपैकी एक होती. तरी २०१० मध्ये स्कॉन्तोने पंधरावे विजेतेपद खेचून आणले. विझण्यापूर्वी ज्योत मोठी होते, तसे ते ठरले. पैशांचा ओघ आटला. खेळाडूंचे पगार थकू लागले, देणी साचू लागली. २०१५ मध्ये मैदानावर संघ दुसरा आला, पण हिशेबाच्या परीक्षेत नापास झाला! वरच्या श्रेणीत खेळण्याचा परवाना नाकारला गेला आणि २०१६ मध्ये पंधरा वेळच्या विजेत्यांना दुसऱ्या श्रेणीत खेळावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्लब दिवाळखोर ठरला. पंचवीस वर्षांचे आयुष्य असे संपले.

एकटा स्कॉन्तोच नव्हे. लिएपायाचा मेटालुर्ग्स ज्या पोलाद कारखान्याच्या जिवावर उभा होता, तो २०१३ मध्ये बुडाला आणि त्याबरोबर क्लबही. वेंत्स्पिल्सवर २०२१ मध्ये सामनेनिश्चितीच्या प्रकरणात युरोपच्या महासंघाने बंदी घातली. मिनीबसचा कारखाना, पोलादाचा कारखाना, एखादा धनिक व्यापारी. आधाराचा एकच खांब असला की तो कोसळताच अख्खे घर खाली येते, हा धडा लात्वियाच्या फुटबॉलने वारंवार गिरवला.

उरले काय?

तरीही सगळेच वाहून गेले असे नाही. पाहार्स मायदेशी परतला, स्कॉन्तोचा आणि पुढे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. रिगामध्ये नवे क्लब उभे राहिले. त्यांपैकी ‘आरएफएस’ या क्लबने २०२४-२५ च्या हंगामात युरोपा लीगच्या मुख्य साखळीत स्थान मिळवले आणि जानेवारी २०२५ मध्ये, रिगाच्या थंडीत, चार वेळा युरोपविजेता ठरलेल्या हॉलंडच्या आयाक्सला १-० असे हरवले. त्या रात्री जुन्या रसिकांना इस्तंबूल आठवले असेल, अ‍ॅबरडीन आठवले असेल.

आणि रिगात ते स्टेडियम अजून उभे आहे. त्याच्यावर नाव आहे ‘स्कॉन्तो’. वेळेआधी पैसे चुकते करणाऱ्याला मिळणारी सूट. ज्या क्लबने हे नाव मिरवले, तो शेवटी स्वतःच देणेकरी होऊन गेला. पण एका नवख्या देशाला, त्याला जगात कुणी ओळखत नसताना, त्याने जे मिळवून दिले, त्याची उधारी मात्र लात्वियाच्या फुटबॉलवर कायमची राहणार आहे.